चार वर्षांच्या लेकीचे डोळे तपासले: तीन कागद, तीन नंबर. खरा कुठला?

अबोली_
नमस्कार मंडळी. डोकं चक्रावलंय, म्हणून धागा काढतेय.

लेक चार वर्षं दोन महिन्यांची. बालवाडीत तपासणी झाली. एका कॅमेऱ्यासारख्या यंत्राने लांबूनच फोटो काढला आणि चिठ्ठी आली, "दोन डोळ्यांत फरक, पुढील तपासणी आवश्यक". आम्ही हसलो. हिला जमिनीवरची मुंगी आमच्याआधी दिसते!

तरी चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढला. तो आला उजवा −०.७५, डावा +०.५० / −१.०० × १७५.

मग बालनेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तीन दिवस अ‍ॅट्रोपिन नावाचं औषध डोळ्यांत घालायला दिलं, नंतर अंधारात टॉर्चसारखं काहीतरी डोळ्यांसमोर हलवून तपासलं. कागदावर दोन अधिकची चिन्हं काढली आहेत. उजव्याच्या दोन्ही रेघांवर +३.५०. डाव्याच्या आडव्या रेघेवर +६.०० आणि उभ्या रेघेवर +५.००. खाली चष्म्याचा नंबर मात्र उजवा +१.००, डावा +३.५० / −१.०० × १८०. शेजारी उजवा ६/९ पी, डावा ६/२४.

म्हणजे उजव्या डोळ्याचाच नंबर वजा पाऊण, अधिक साडेतीन आणि अधिक एक असा तीन तऱ्हांचा. यातला खरा कुठला? डॉक्टरांनी समजावलं होतं, पण तेव्हा लेक खुर्चीखाली शिरून बसली होती, त्यामुळे माझ्या डोक्यात निम्मंही शिरलं नाही. आता फक्त "चष्मा पूर्णवेळ, सहा आठवड्यांनी या" एवढं आठवतंय.

एक राहिलं. डावा डोळा झाकला तर बाईसाहेब गप्प. उजवा झाकला की भोकाड. हट्टीपणा असेल ना?

गोगलगाय
वाचतेय. आमच्याकडेही असाच एक कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे, अर्थ न लागलेला.

चष्मेबहाद्दर
मी सहाव्या वर्षापासून चष्म्यात. माझा सल्ला: पहिला नंबर विसरा, दुसरा विसरा, तिसऱ्याचा चष्मा करा. कारण विचारू नका, कारण मलाही माहीत नाही. :)

कावळा_
कारण मी सांगतो, पण माझं ज्ञान फक्त दोन मुलांचा बाप होण्यापुरतं.

लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग फार लवचीक असतं. जवळचं बघायला ते फुगतं. त्या कॉम्प्युटरमध्ये डोकावून बघितलंय का कधी? लांब रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा. आपण मोठी माणसं तो फुगा लांब आहे असं समजून डोळा सैल सोडतो. पोर यंत्राला नाक लावून बसलेलं असतं, त्याला वाटतं फुगा इथेच आहे. भिंग फुगतं आणि यंत्राला मायनस नंबर दिसतो. माझ्या धाकट्याचा असाच −१.२५ आला होता, थेंब घातल्यावर +१.००. चष्मा लागलाच नाही.

तेव्हा ताई, −०.७५ वाला कागद फाडून टाका.

टिंबटिंब
फाडू नका हो. कोपऱ्यात ठेवा, पुढे डॉक्टर "आधी कुठे दाखवलं होतं?" विचारतात.

रातकिडा
मला एक समजत नाही. अ‍ॅट्रोपिन म्हणजे विषारी झाडातून निघणारं औषध ना? चार वर्षांच्या पोराला सरसकट तीन दिवस? माझ्या पुतणीचं तोंड लालभडक झालं होतं, अंग गरम, तोंडाला कोरड. पुढचे दहा दिवस उन्हात डोळे उघडेना. नुसत्या नंबरासाठी एवढं?

दृष्टिआड
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. बरीच वर्षं मुलांचेच डोळे तपासते. इथे मुलीला बघितलेलं नाही, त्यामुळे उपचाराबद्दल काही बोलणार नाही. कागद कसा वाचायचा तेवढं सांगते.

आधी रातकिडा यांना. औषध मूळचं बेलाडोनाचं हे खरं. चेहरा लाल होणं, ताप, कोरड हे होऊ शकतं, आणि तसं झालं तर पुढचा डोस न घालता डॉक्टरांना कळवायचं असतं. थेंब घातल्यावर डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर मिनिटभर बोट दाबून धरलं की औषध नाकातून अंगात कमी जातं. घालणाऱ्याने हात धुवायचे, नाहीतर तोच हात स्वतःच्या डोळ्याला लागतो आणि मग बाबा एका डोळ्याची बाहुली मोठी घेऊन ऑफिसात जातात. (दर वर्षी एक तरी बाबा असतो.) सायक्लोपेंटोलेट नावाचे थेंब त्याच दिवशी काम करतात आणि साधारण एका दिवसात उतरतात. बऱ्याच मुलांना तेवढे पुरतात. अ‍ॅट्रोपिनचा परिणाम आठवडा ते दोन आठवडे टिकतो. तिरळेपणा असेल, जास्त प्लस नंबर असेल, तर भिंग पूर्ण सैल झाल्याशिवाय खरा आकडा सापडत नाही, म्हणून ते वापरतात.

आता अधिकच्या चिन्हाबद्दल. अंधारात जे हलवलं ती रेटिनोस्कोपी. बुबुळावर प्रकाशाची पट्टी फिरवायची, आतून परत येणारी लाल चमक कुठल्या दिशेला सरकते ते बघायचं, आणि भिंगं लावत लावत ती थांबवायची. पोराला काही वाचायची गरज नाही, बोलायची गरज नाही. पण तपासणारी व्यक्ती डोळ्यापासून हातभर अंतरावर, म्हणजे साधारण ६७ सेंटिमीटरवर बसलेली असते. त्या अंतराचे १.५० डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं माप, चष्म्याचा नंबर यातच असतो) आकड्यात जास्तीचे येतात, ते वजा करायचे. अ‍ॅट्रोपिनने भिंग नेहमीपेक्षाही जास्त सैल पडलेलं असतं, त्यासाठी बरेच जण आणखी १.०० वजा करतात. एकूण २.५०.

उजवा: ३.५० − २.५० = +१.००.
डावा: आडवी ६.०० − २.५० = +३.५०, उभी ५.०० − २.५० = +२.५०. दोन रेघांमधला एकचा फरक म्हणजे सिलिंडर, आणि शेवटचा आकडा म्हणजे त्याची दिशा, अंशांत. म्हणून +३.५० / −१.०० × १८०.

चित्र म्हणजे कच्चं काम, खालची ओळ म्हणजे उत्तर. गणित बरोबर आहे.

आणि उजवा डोळा झाकल्यावरच्या भोकाडाबद्दल. तो हट्ट नाही. चांगला डोळा झाकला की तिला खरोखरच धूसर दिसतं, म्हणून ती हात ढकलते. बोलता न येणाऱ्या बाळांमध्ये तर आम्ही हीच गोष्ट मुद्दाम बघतो. कुठला डोळा झाकल्यावर बाळ चिडतं?

अबोली_
हे वाचून गलबलून आलं. मी तिला दरडावलं होतं त्या दिवशी.

सातभाई
दरडावलं तर दरडावलं. माझ्या आईने मला "नाटकं करतोस" म्हणून पाटीपुढे नेऊन उभं केलं होतं. पाटीवर काय लिहिलंय ते मला खरंच दिसत नव्हतं. दोघेही जिवंत आहोत, बोलतोही.

गोगलगाय
ताई, मला अजून एक सांगा. ६/२४ म्हणजे चोवीस टक्के का? आणि ६/१२ म्हणजे अर्धी नजर?

दृष्टिआड
दोन्ही नाही. हा प्रश्न मला रोज येतो, सविस्तर लिहिते.

वरचा ६ म्हणजे मूल तक्त्यापासून सहा मीटरवर आहे. खालचा २४ म्हणजे जे अक्षर ठणठणीत नजरेच्या माणसाला चोवीस मीटरवरून ओळखता येतं, ते या डोळ्याला सहा मीटरवर आल्याशिवाय ओळखता येत नाही. हर्मन स्नेलन या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये तक्ता आणला, तेव्हापासून ही पद्धत आहे. काही ठिकाणी फुटांत लिहितात, तिथे ६/६ चं २०/२० होतं. मुलं सहा मीटरवर लक्ष देत नाहीत, म्हणून त्यांचे पुष्कळ तक्ते तीन मीटरचे असतात. तिथे ३/६ लिहिलं असेल तर ते ६/१२ च.

६/९ च्या पुढचा "पी" म्हणजे पार्शल. त्या ओळीतली काही चित्रं ओळखली, काही चुकली.

आणि मुख्य म्हणजे नंबर वेगळा आणि नजर वेगळी. +३.५० हा नंबर आहे, म्हणजे डोळ्यासमोर कुठलं भिंग ठेवायचं. ६/२४ ही नजर आहे, म्हणजे त्या डोळ्याला प्रत्यक्षात किती बारीक दिसतं. नंबर मोठा असूनही चष्म्यातून ६/६ दिसू शकतं. आणि नंबर किरकोळ असूनही नजर कमी असू शकते. तेव्हा कागदावर पाहायचं ते असं: ही नजर चष्म्याशिवायची आहे की चष्म्यासकट?

मीच_ती
लॉगमारचं, म्हणजे नजर लिहायच्या दुसऱ्या पद्धतीचं पण सांगा. आमच्या रिपोर्टवर उजवा ०.० आला होता. शून्य! मी पार्किंगमध्ये बसून रडले. नवऱ्याला फोन करून म्हटलं, याला उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाही.

दृष्टिआड
:) लॉगमारमध्ये ०.० म्हणजे ६/६. आकडा जितका मोठा तितकी नजर कमी. ०.३ म्हणजे ६/१२, ०.६ म्हणजे ६/२४.

मीच_ती
हो, ते नंतर कळलं. नवरा अजून चिडवतो.

चष्मेबहाद्दर
ज्याने ही मोजपट्टी काढली त्याला पालकांचा शाप लागला असणार. शून्य चांगलं, एक वाईट, आणि वर "उजवा डोळा ओडी, डावा ओएस". मी बँकेतला. ओडी म्हटलं की मला ओव्हरड्राफ्टच आठवतो.

टिंबटिंब
लॅटिन आहे ते. ओक्युलस डेक्स्टर, ओक्युलस सिनिस्टर. ओयू म्हणजे दोन्ही. सगळीकडे वापरत नाहीत, बऱ्याच कागदांवर नुसतं आरई, एलई असतं. कागद वाचताना एक घोळ मात्र होतो. डॉक्टर समोर बसलेले असतात, त्यामुळे उजव्या डोळ्याचं त्यांच्या डाव्या हाताला लिहितात. म्हणजे कागदावर डावीकडे दिसतो तो उजवा. चांगल्या डोळ्यावर लावायची पट्टी आम्ही पहिला आठवडा चुकीच्या डोळ्यावर लावली. ज्याला कामाला लावायचं तो आळशी डोळाच झाकून ठेवला होता बिचारा.

सातभाई
अरे देवा. म्हणजे आळशाला आठवडाभर भरपगारी रजा.

आजोबा_ऑनलाइन
सर्वांचे वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे. इतक्या लहान वयात चष्मा लावला की डोळ्यांना त्याची सवय लागते आणि नंबर वाढतच जातो. माझ्या नातवाला चौथ्या वर्षी +२.०० सांगितला होता. आम्ही चष्मा केला नाही. रोज सकाळी डोळे गोल फिरवणे, बोटाच्या टोकाकडे बघणे असे व्यायाम घेतले. आठव्या वर्षी तपासले तर +०.७५. व्यायामाने नंबर उतरला. डॉक्टर हे सांगणार नाहीत.

रातकिडा
आजोबांशी थोडाफार सहमत. सगळ्याच मुलांना चष्मा लागतो असं हल्ली वाटायला लागलंय.

कावळा_
आजोबा, आदर राखून म्हणतो, नातू व्यायाम न करता फक्त मोठा झाला असता तरी नंबर उतरलाच असता. जन्मतः डोळा सोळा-सतरा मिलिमीटर लांबीचा असतो, मोठ्या माणसाचा चोवीसच्या आसपास. छोटा डोळा म्हणजे प्लस नंबर. बहुतेक बाळं दोन-तीन प्लस घेऊनच येतात आणि डोळा लांबत जातो तसा तो उतरतो. तुमच्या नातवाच्या दोन्ही डोळ्यांना सारखाच +२.०० होता ना? चौथ्या वर्षी दोन्हीकडे तेवढा असेल, नजर चांगली असेल, डोळा वळत नसेल, तर डॉक्टरही बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात. तुम्ही जे केलंत ते जवळपास तेच, फक्त बोट फिरवून.

आजोबा_ऑनलाइन
दोन्हीकडे सारखाच होता हे खरे. बोट फिरवल्याने तोटा तर झाला नाही ना?

कावळा_
काहीच नाही. उलट नातवाशी रोज खेळणं झालं.

दृष्टिआड
कावळा यांनी नेमकी जागा पकडली आहे. अबोली यांच्या मुलीच्या बाबतीत घोळ +३.५० मध्ये नाही, +१.०० आणि +३.५० यांच्यातल्या फरकात आहे.

लहान मुलाच्या भिंगाला बारा-चौदा डायॉप्टर फुगायची ताकद असते. दोन्हीकडे सारखा प्लस असेल तर ते सहज भरून काढतं. पण मेंदू दोन्ही भिंगांना एकच हुकूम देतो. उजव्याला एक डायॉप्टर पुरला की तो थांबतो, कारण चित्र स्पष्ट झालं. डाव्याला अजून अडीच हवे असतात, ते मिळत नाहीत. तो कायम धूसर. मग मेंदू डाव्याचं चित्र वापरणंच सोडतो. हाच आळशी डोळा, अ‍ॅम्ब्लायोपिया. डोळा वर्गात हजर असतो पण त्याला कुणी प्रश्नच विचारत नाही. मुंगी दिसते ती उजव्याने. बाहेरून डोळे सरळ, तक्रार शून्य, त्यामुळे घरी कळायची सोय नाही. तो बालवाडीतला फोटो म्हणून महत्त्वाचा. तो नजर मोजत नाही, नंबरांतला फरक आणि वळलेला डोळा तेवढा पकडतो.

डॉक्टरांनी दोन्हीकडून सारखेच अडीच वजा केलेत, पाहा. त्यामुळे दोन डोळ्यांतला फरक चष्म्यातही तसाच राहिला, म्हणजे तो पूर्ण भरून निघतोय.

आणि चष्म्याने नंबर वाढतो म्हणाल तर इथे उलट भीती आहे. नंबर यथावकाश उतरेलही, पण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदूने त्या डोळ्याशी ओळख करून घेतली नाही, तर पुढे कुठल्याही भिंगाने ६/६ दिसणं अवघड होत जातं.

मीच_ती
आमचं अगदी हेच. शिवाय आमच्याकडे वेगळी गंमत झाली. एकेक चित्र दाखवलं की डाव्याने ६/९. पूर्ण ओळ दाखवली की ६/१८. मला वाटलं, कंटाळला असेल.

दृष्टिआड
कंटाळा नव्हे. आळशी डोळ्याला गर्दी सहन होत नाही. सुटं चित्र ओळखतो, शेजारी दुसरी चित्रं आली की गोंधळतो. म्हणून ओळीनेच तपासायचं, किंवा एकच चित्र असेल तर त्याभोवती चार रेघांची चौकट हवी. दोन भेटींचे आकडे ताडून बघताना तक्ता तोच होता का, हे विचारून घ्या. एकदा सुट्या चित्रांवर आणि एकदा ओळीवर तपासलं, तर नजर खालावली असं उगाच वाटेल.

गोगलगाय
चित्रांवरून आठवलं. घर, सफरचंद, गोल, चौकोन असतात ना? आमच्या लेकाने चौकोनाला "टीव्ही" म्हटलं आणि सफरचंदाला "फुलपाखरू". तपासणाऱ्या ताई शांतपणे म्हणाल्या, फुलपाखरू तर फुलपाखरू, दर वेळी तेच म्हण म्हणजे झालं.

टिंबटिंब
लिआ तक्ता. फिनलंडच्या लिआ ह्युव्हारिनेन यांनी केलेला. त्यातली खुबी अशी की धूसर झाल्यावर चारही चित्रं गोलासारखीच दिसतात. त्यामुळे अंदाजाने ओळखता येत नाही.

सातभाई
मी तर अख्खा तक्ता पाठ केला होता. माझ्या आधी भाऊ आत होता, तो मोठ्याने वाचत होता. माझा नंबर येईपर्यंत तोंडपाठ. डॉक्टरांनी तक्ता बदलला आणि मी जुनाच म्हणून दाखवला.

अबोली_
मंडळी, ताजी खबर, आणि मी पुन्हा गोंधळलेय. सासरे म्हणाले अजून एका डॉक्टरांना दाखवू. दाखवलं. त्यांनी तपासून उजवा +१.०० च लिहिला, पण डावा +२.५० / +१.०० × ९०. म्हणजे एकने कमी! शिवाय सिलिंडर मायनसचा प्लस झाला आणि अंश १८० चे ९०. घरात दोन तट पडलेत. सासरे म्हणतात दुसरे डॉक्टर बरोबर, कारण नंबर कमी.

कावळा_
थांबा, थांबा. हे मला येतं! दृष्टिआड ताई, मी सांगू?

दृष्टिआड
सांगा.

कावळा_
पहिल्या कागदातले स्फिअर (पहिला आकडा) आणि सिलिंडर (दुसरा) यांची बेरीज करा. +३.५० आणि −१.०० मिळून +२.५०. आता सिलिंडरचं चिन्ह उलटं करा, +१.००. अंश नव्वदने फिरवा, १८० चे ९०. आलं? +२.५० / +१.०० × ९०. हा तोच नंबर आहे, दोन पद्धतींनी लिहिलेला. दुकानात दोन्ही कागद दिलेत तर एकच काच बनेल.

अबोली_
म्हणजे दोघांनी स्वतंत्रपणे तपासून अगदी तोच नंबर काढला??

चष्मेबहाद्दर
आणि सासरे व तुम्ही एकाच नंबरावरून भांडत होतात. घरोघरी.

आजोबा_ऑनलाइन
सासऱ्यांच्या बाजूने बोलायला आलो होतो. आता परत जातो. :)

रातकिडा
अवांतर: मोबाईलचं कुणीच बोलत नाहीये. स्क्रीनमुळेच होतं ना हे सगळं?

दृष्टिआड
हे नाही. प्लस नंबर आणि दोन डोळ्यांतला फरक स्क्रीनमुळे येत नाही. फार जवळून आणि फार वेळ बघणं, बाहेर कमी जाणं, याचा संबंध मायनस नंबराशी, निकटदृष्टीशी आहे. त्यासाठी रोज दोनेक तास बाहेर उजेडात खेळा असं सांगतात. आणि मायनस वाढू नये म्हणून देतात तेही अ‍ॅट्रोपिनच, पण ०.०१ ते ०.०५ टक्के. तपासणीसाठीचं १ टक्का. नाव एकच असल्याने घरात दोन बाटल्या असतील तर जपा.

जाता जाता एक. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत एका बुबुळात लालऐवजी पांढरी चमक दिसली, तर धागा काढू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. बहुतेकदा काही निघत नाही, पण मोतीबिंदू किंवा पडद्यावरची गाठ असू शकते.

मीच_ती
पट्टीबद्दल अनुभव लिहिते, कारण अबोलीला बहुधा पुढे लागेल. आधी नुसता चष्मा दिला होता. तीनेक महिने त्यानेच नजर दोन ओळी सुधारली, मला वाटलं पट्टीतून सुटलो. मग गाडी अडली आणि पट्टी आली. मी सहा-सात तासांच्या तयारीत होते, डॉक्टर म्हणाले रोज दोन तास. मध्यम प्रकारच्या आळशी डोळ्याला दोन तास आणि सहा तास, दोन्हींचा गुण सारखाच येतो, असं पेडिग नावाच्या संशोधकगटाने २००३ मध्येच दाखवलंय म्हणाले.

पट्टी कातडीला चिकटवायची, वरून चष्मा. काचेवर चिकटवली की कार्टी नाकावरून डोकावतात. त्या वेळात रंगवणं, मणी ओवणं, काहीतरी बारीक काम द्यायचं. पहिले आठ दिवस रोज कुस्ती. माझ्या मुलाने एकदा पट्टी काढून कुत्र्याला लावली. पट्टी नकोच म्हणणाऱ्या मुलांना चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिन घालून तो धूसर करायचाही मार्ग असतो, तो विचारून घे.

गोगलगाय
कुत्र्याची नजर सुधारली का?

मीच_ती
त्याला भाकरी... नाही, चेंडू आधीपेक्षा लवकर दिसतो. :)

अबोली_
(पाच महिन्यांनी)
धागा वर काढतेय. कुणी वाट बघत नसेल तरी सांगते.

चष्म्याला पहिले चार दिवस विरोध झाला. पाचव्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या स्वतःच मागितला. सहा आठवड्यांनी डावा चष्म्यासकट ६/१८. मग रोज दोन तास पट्टी. परवाच्या तपासणीत डावा ६/१२ पी, तोही ओळीने, मी मुद्दाम विचारलं. उजवा ६/६ पी. दोन्ही डोळे मिळून खोली दिसते का ते बघायला मोठ्या माशीचं पुस्तक पण दाखवलं, गडद चष्मा घालून पंख चिमटीत पकडायला सांगतात ते. पहिल्या वेळी तिने पानावर बोट टेकवलं होतं. या वेळी हवेत चिमूट धरली आणि किंचाळली.

नंबर मात्र तेवढाच आहे. सासरे विचारत होते, "नंबर उतरला नाही, मग फायदा काय?" मी त्यांना ६/२४ आणि ६/१२ समजावलं. आता ते बिल्डिंगमधल्या सगळ्यांना समजावतात.

चष्मेबहाद्दर
वा! माशी पकडल्याबद्दल अभिनंदन.

दृष्टिआड
छान बातमी. सुधारली तरी पट्टी मनाने बंद करू नका, हळूहळू कमी करतात. मध्येच सोडली तर नजर मागे जाऊ शकते.

नवाकोरा
नमस्कार, पूर्ण धागा नाही वाचला, माफ करा. मुलगा साडेतीन वर्षांचा. तपासणीत उजवा +२ सांगितला. म्हणजे त्याला किती टक्के दिसतं?

अबोली_
टक्के नसतात त्यात. :) कागदावर वर ६ आणि खाली काहीतरी असा आकडा असेल तो बघा. आणि दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा द्या.

नवाकोरा
उजवा ६/१२ लिहिलंय. डाव्यापुढे नुसती रेघ आहे. उजवा झाकला की तो हात ढकलत होता, रडायला लागला, म्हणून "मोठा झाला की बघू, सहा महिन्यांनी आणा" म्हणाले.

अबोली_
कुठला झाकला की ढकलत होता? उजवा? आणि डावा झाकल्यावर गप्प बसला?

नवाकोरा
हो. का?

अबोली_
सहा महिने थांबू नका. याच आठवड्यात मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि आत गेल्या गेल्या हेच वाक्य सांगा.